चढावर गप्प झालेली गाडी

"सुषमाताई, माझ्या पप्पांनी गाडी नाही ठोकली," हर्षदा महाजन म्हणाली, आणि मग स्वतःच गोंधळली. "म्हणजे ठोकली. पण त्यांनी नाही ठोकली."

गुरुवारची सकाळ होती. डिंडोलीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत टेबल, तीन खुर्च्या आणि एक कपाट एवढंच सामान होतं. टेबलामागे सुषमा बोरसे बसली होती. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात तिची बारा वर्षं गेली होती. आता ती स्वतंत्रपणे तपासाची कामं घ्यायची. खिडकीपाशी लोटूमामा चहा गाळत होते. ते तिच्या आईचे मावसभाऊ. चौतीस वर्षं पॉवरलूमवर काढून निवृत्त झालेले. तपासात त्यांची मदत किती व्हायची हा वादाचा विषय होता, पण सुषमा त्यांच्याशिवाय कुठं जात नसे.

"बस," सुषमा म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

हर्षदाचे वडील हेमराज पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या प्रोसेसिंग मिलमध्ये मालकांची गाडी चालवत. सव्वीस वर्षांत साधा ओरखडा नाही. त्या मिलमध्ये पंधरा दिवसांपूर्वी मंगलाबाई नावाच्या कामगार बाईचे दोन्ही हात भाजून निघाले होते. कापड धुवायच्या साबणाच्या ड्रममध्ये तिनं नेहमीसारखे हात घातले आणि कातडी सुटली. ड्रमवर नाव साध्याच साबणाचं होतं. आत नेमकं काय होतं ते कळेना, म्हणून डॉक्टरांनाही नीट उपचार करता येईनात.

"मग मिलच्या लॅबमधल्या दीप्तीताईंनी त्या ड्रममधून चार बाटल्या भरल्या," हर्षदा म्हणाली. "सोमवारी त्या बाहेरच्या लॅबला द्यायच्या होत्या. पप्पा त्यांना घेऊन निघाले. मागच्या गेटला चढ आहे. चढावर गाडी थांबली, उलटी खाली आली आणि भिंतीवर आदळली. बाटल्या डिकीत होत्या, सगळ्या फुटल्या. दीप्तीताईंचं मनगट मोडलं."

"ड्रममधून परत भरता आलं नसतं?"

"ड्रम त्याच दिवशी गायब झाले. पोलिसांनी पप्पांचं लायसन्स ठेवून घेतलं. पण त्याचं काही नाही, ताई." हर्षदाचा आवाज बदलला. "मंगलामावशी आमच्या शेजारी राहतात. लोक म्हणतात, पप्पांनीच पैसे खाऊन बाटल्या फोडल्या. मावशींनी आमच्याकडे पाठ फिरवली. पप्पा तीन दिवस जेवले नाहीत."

लोटूमामांनी तिच्यासमोर चहा ठेवला. "गाडी म्हातारी आहे का, पोरी?"

"नाही हो. दोन वर्षांची. ऑटोमॅटिक."

सुषमानं वही उघडली.

*

हेमराजचं घर नवागामच्या एका अरुंद गल्लीत होतं. दोन्ही बाजूंच्या घरांतून लूमची खडखड चालू होती. हेमराज भिंतीला टेकून बसले होते. चोपन्न वर्षांचा, अंगानं बारीक माणूस. सुषमानं विचारायच्या आधीच ते बोलले.

"मना पाय चुकना नही, ताई." मग त्यांनी नजर खाली नेली. "पण आता मलाच शंका येते. रात्रंदिवस तोच विचार. कदाचित चुकलाही असेल."

"मागच्या गेटनं का निघालात?"

"पुढच्या गेटमध्ये ट्रक आडवा होता. स्टोअरच्या प्रवीणनं सांगितलं, मागून जा."

"चढावर काय झालं? कानाला काय ऐकू आलं, पायाला काय लागलं, तेवढंच सांगा."

हेमराजनी डोळे मिटले. "चढ ओला होता. धूळ बसावी म्हणून तिथं रोज पाणी मारतात. अर्ध्यावर गेलो आणि गाडीतला जीवच गेला. मी अॅक्सिलरेटर दाबला. आणखी दाबला. पार खाली. जितका दाबला तितकं इंजिन गप्प. गाडी मागं सरकायला लागली. ब्रेक मारला तर ब्रेक पायाखाली थरथरला, खालून कुरकुर आवाज आला, पण गाडी थांबेना. मग धाडकन..."

"इंजिन बंद पडलं होतं?"

"नाही. चालू होतं. पण दबल्यासारखं. तोंडावर कुणी हात ठेवावा तसं."

लोटूमामा बाहेर आल्यावर म्हणाले, "सुषमा, माणूस चांगला आहे, पण गोष्ट पटत नाही. अॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन ओरडणार. गप्प कसं बसेल?"

"तोच तर प्रश्न आहे, मामा," सुषमा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

*

पलसाण्याच्या रस्त्यावर मिलांच्या धुराड्यांच्या रांगा सुरू झाल्या की वाऱ्याला रंगाचा आंबूस वास येतो. मिलच्या गुजराती मालकांनी, नलिनभाईंनी, सुषमाला केबिनमध्ये बसवलं खरं, पण त्यांचा चेहरा आखडला होता.

"जुओ बेन, हेमराज जुना माणूस आहे. मला वाईट वाटतं. पण अपघात तो अपघात. आता उकरून काय मिळणार?"

"मंगलाबाईंचे हात कशानं भाजले ते मिळेल."

"त्या ड्रमांचं मलाही आश्चर्य वाटतं," नलिनभाई म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

लोटूमामांनी सुषमाला कोपरानं हळूच ढोसलं. बाहेर पडल्यावर ते कुजबुजले, "यानंच केलं. बाटल्या लॅबला गेल्या असत्या तर मिल कुणाची बंद पडली असती? याचीच."

"असेल. आधी गाडी बघू."

गाडी मिलच्याच शेडमध्ये उभी होती. मागचा भाग चेपला होता, बाकी धड होती. तिच्याजवळ विठ्ठल मेस्तरी हात पुसत उभा होता. मिलच्या सगळ्या गाड्या तोच बघायचा.

"पुढची दोन्ही टायरं आठवड्यापूर्वीच बदलली," तो म्हणाला. "नवीकोरी. ब्रेक ठीक, इंजिन ठीक. सर्व्हिस सेंटरवाले येऊन कॉम्प्युटर लावून गेले. त्यांनी हा कागद दिला. पोलिसांनी अपघातानंतर दोन तासांनी याच चढावर ही गाडी चालवून बघितली. लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली."

लोटूमामांनी कागद आधी घेतला. "हे बघ! आदळायच्या काही सेकंद आधी अॅक्सिलरेटर सत्त्याऐंशी टक्के दाबलेला. म्हणजे पाय पार खाली. पोलीस म्हणतात तेच. घाबरून दाबला आणि ताबा गेला."

"खालची ओळ वाचा, मामा."

"इंजिनाचे फेरे... मिनिटाला तेराशे."

"नुसती उभी असली तरी ही गाडी आठशे फेरे घेते. पाय पार खाली असेल तर चार-पाच हजार हवेत."

मामांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. "मग दोघांपैकी कोण खोटं बोलतंय? पाय की इंजिन?"

"दोघंही खरं बोलत असतील तर?"

सुषमा चढाकडे गेली. मिलचं आवार रस्त्यापेक्षा खाली होतं. तिथून मागच्या गेटपर्यंत सत्तरेक फुटांचा सिमेंटचा सरळ चढ होता. कडेला पायऱ्या होत्या. चढाच्या पायथ्याशी बॉयलरची भिंत, आणि तिच्यावर आदळल्याची ताजी खूण. आवारातल्या सिमेंटवर वर्षानुवर्षांचे निळे, तांबडे, जांभळे डाग होते. चढाच्या मधल्या भागात मात्र आठ-दहा फुटांचा पट्टा पांढराफटक, घासून काढल्यासारखा दिसत होता.

"हे कुणी धुतलं?" सुषमानं विचारलं.

"प्रवीणनं धुवून घेतलं," विठ्ठल म्हणाला. "अपघात झाल्या झाल्या. बाटल्यांतलं औषध सांडलं होतं ना. कुणाचे पाय भाजू नयेत म्हणून कॉस्टिक सोडा टाकून ब्रशनं घासलं."

"शहाणा माणूस," लोटूमामा म्हणाले.

सुषमा पायथ्याच्या भिंतीपासून त्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत पावलं मोजत चढली. सतरा पावलं भरली.

*

गेटवरचा पहारेकरी गजेंद्र साठीला आलेला होता. त्यानं पाहुण्यांसाठी कटिंग मागवली. स्वतः स्टुलावर बसताना त्यानं गुडघा जपून वाकवला.

"मी इथं वरच होतो. पायऱ्यांनी येऊन गेट उघडलं. गाडी चढायला लागली. अर्ध्यावर आवाज बसला. मला वाटलं बंद पडली. मग मागं मागं गेली आणि आदळली."

"मोठा आवाज? इंजिन ओरडल्यासारखा?"

"नाही, बेन. उलट शांत. आदळली तोच काय तो आवाज. मी चढावरून धावत खाली गेलो."

"धावताना पडलात?"

गजेंद्र दचकला. कपातला चहा हिंदकळून त्याच्या खाकी पँटीवर सांडला. "नाही, नाही. गुडघा म्हणता? तो घरच्या जिन्यात..."

पण सुषमा त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिली होती. जाडाभरडा खाकी कपडा. मांडीवर सांडलेला चहा लगेच मुरला, काळपट डाग पडला. गुडघ्यावर सांडलेला मात्र मुरला नाही. अळूच्या पानावरच्या थेंबांसारखा गोळा होऊन तो खाली घरंगळला.

"पँट नवी आहे?"

"कसली नवी? दोन वर्षं झाली. एकच आहे, रोज फडक्यानं पुसतो."

सुषमानं विचारून त्या गुडघ्यावर बोट फिरवलं. तेवढाच भाग मखमलीसारखा मऊ होता. तिनं लोटूमामांनाही हात लावायला सांगितलं. मामांनी लावला, आणि त्यांना काही कळलं नाही.

*

स्टोअर आवाराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दारावर दोन कुलपं, किल्ल्या प्रवीण चौधरीच्या कमरेला. चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला तत्पर.

"मी पोलिसांना सगळं सांगितलंय, मॅडम. मी इथं शटरपाशी उभा होतो. हेमराजकाकांनी असा काही अॅक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं बोंबलत होतं. चाकं जागच्या जागी गरगर फिरत होती. घसरत होती, धूर निघत होता. मी ओरडलो, काका, पाय काढा! पण माणूस घाबरला की ऐकतो कुठं? वय झालं."

"ड्रम कुठं गेले?"

"तोच तर घोळ आहे. या गडबडीत भंगारवाल्यांनी नेले असणार. मी चौकशी करतोय."

"तुमच्याकडे कपड्याला मऊपणा आणायचं औषध असतं ना? फिनिशिंगचं?"

"सिलिकॉन? असतं की. कुलपात ठेवतो. महाग माल." तो हसला. "पण त्याचा इथं काय संबंध?"

"सहज. या मामांना मिलच्या कामाची फार हौस आहे."

लोटूमामांनी मान डोलावली. आपल्याला कसली हौस आहे हे त्यांना आत्ताच कळलं होतं.

संध्याकाळी दोघं दीप्तीकडे गेले. दीप्ती अहिरे तिशीतली होती, हाताला प्लास्टर. मंगलाबाईंचं नाव निघालं की तिचा स्वर कडक व्हायचा.

"हेमराजकाकांनी मुद्दाम केलं असं मला एक क्षणही वाटलं नाही," ती म्हणाली. "ते ओरडत होते, गाडी ऐकत नाही, गाडी ऐकत नाही! मी पुढं त्यांच्याशेजारी होते. त्यांचा पाय खाली दाबलेला मी बघितला."

"समोरच्या काचेखाली काही दिवा लागला होता?"

दीप्तीनं विचार केला. "हो. पिवळा. छोटीशी गाडी आणि तिच्यामागं नागमोडी रेघा, असं चित्र होतं. मला ते गमतीचं वाटलं होतं, म्हणून लक्षात राहिलं."

"दिवा सतत लागलेला, की लुकलुकत होता?"

"लुकलुकत होता. भराभर. त्यानं काही फरक पडतो?"

"सगळाच फरक पडतो," सुषमा म्हणाली.

*

शनिवारी दुपारी चढाच्या पायथ्याशी सगळे जमले. सुषमानं नलिनभाईंना फोनवर एवढंच सांगितलं होतं, की संशयितांत तुमचंही नाव आहे, ते पुसायचं असेल तर गाडी आणि एक तास द्या. नलिनभाईंनी दोन्ही दिलं. बॉयलरच्या भिंतीला कापडाचे गठ्ठे रचून ठेवले होते. दीप्ती, विठ्ठल, गजेंद्र, प्रवीण हजर होते. पोलीस ठाण्यातून एक फौजदार आले होते. हर्षदानं वडिलांचा दंड धरला होता.

"लायसन्स नाही माझ्याकडे," हेमराज म्हणाले.

"मिलच्या आवारात चालवायचंय, रस्त्यावर नाही," सुषमा म्हणाली. "फौजदारसाहेबांची परवानगी घेतली आहे. बसा."

पहिल्यांदा हेमराजनी नुसत्या ओल्या चढावर गाडी घातली. ती सरळ वर गेली आणि सावकाश खाली आली.

"आता दुसऱ्यांदा." सुषमानं विठ्ठलला खूण केली. त्यानं बादलीतलं दुधाळ पाणी त्या पांढऱ्या पट्ट्यावर ओतलं. ओल्या सिमेंटवर पसरलं तसं ते दिसेनासं झालं. "नलिनभाई, तुम्ही हेमराजभाऊंच्या शेजारी बसा. कान आणि डोळे उघडे ठेवा."

गाडी चढू लागली. पुढची चाकं त्या पट्ट्यावर गेली आणि इंजिनाचा आवाज एकदम बसला. गाडी थबकली. मग हळूहळू मागं घसरत आली आणि गठ्ठ्यांत मऊ टेकली.

नलिनभाई घामाघूम होऊन उतरले. "याचा पाय तळाला होता! मी बघितलं! आणि तो पिवळा दिवा..."

"लुकलुकत होता?"

"हा, बेन. लुकलुकत होता."

हेमराज स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसून राहिले होते. त्यांचे ओठ हलत होते. हर्षदा खिडकीपाशी गेली तेव्हा तिला ऐकू आलं, "पाय चुकना नही. पाय चुकना नही."

"हे काय आहे ते सांगशील का आता?" लोटूमामा म्हणाले.

"मामा, लूमवर सूत तुटलं की काय होतं?"

"लूम आपसूक थांबतो."

"तुम्ही मूठ ओढली तरी?"

"कितीही ओढा. सूत जोडल्याशिवाय चालत नाही. नाहीतर सगळं कापड खराब..." मामा थांबले. त्यांनी गाडीकडे पाहिलं. "हिलाही कळतं?"

"हिलाही कळतं. या गाडीत पायाचा आणि इंजिनाचा थेट संबंध नसतो. पाय फक्त मागणी करतो. किती द्यायचं ते मधला कॉम्प्युटर ठरवतो. प्रत्येक चाकाला एक सेन्सर असतो. चाकं जमीन सोडून नुसतीच फिरायला लागली की कॉम्प्युटर समजतो, पकड गेली. मग तुम्ही कितीही दाबा, तो इंजिनाची ताकद कमी करतो, कारण जास्त ताकद दिली तर चाकं आणखी घसरतील. गाडी सावरण्यासाठीच ती यंत्रणा असते. ती काम करत असते तेव्हा तो दिवा लुकलुकतो. म्हणून पाय सत्त्याऐंशी टक्के आणि इंजिन तेराशेवर. ब्रेक थरथरला तोही पकड गेल्यामुळंच. कागदावरच्या दोन्ही ओळी खऱ्या होत्या. फक्त सगळ्यांनी पहिलीच वाचली."

फौजदारांनी खिशातून कागदाची प्रत काढली आणि पुन्हा वाचली.

"म्हणजे चाकं घसरली," सुषमा पुढं म्हणाली. "टायरं नवीकोरी, रोजच्या पाण्यावर गाडी रोज चढते. मग त्या दिवशी पाण्यात काय होतं? ते मला गजेंद्रभाऊंनी सांगितलं."

"मी?" गजेंद्र घाबरला.

"तुमच्या गुडघ्यानं. तुम्ही धावत खाली येताना चढावर पडलात. पहारेकरी पडला म्हटलं की लोक म्हणतील प्यायला होता, म्हणून लपवलंत. पण त्या जागी पँट मऊ झाली आणि पाणी झटकायला लागली. जाड खाकीला असा मऊपणा एकाच गोष्टीनं येतो. कापडाच्या फिनिशिंगच्या सिलिकॉननं. आत्ता बादलीत मिलच्या लॅबमधलं तेच होतं. सिमेंटवर सांडलं तर त्याच्यावर माणूसही उभा राहत नाही, चाकही नाही. आणि ते पाण्यात मिसळतं, म्हणून नंतर कॉस्टिकनं घासलं की निघून जातं."

आता सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या.

प्रवीण हसला, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. "धुतलं ते लोकांचे पाय वाचावेत म्हणून. बाटल्या फुटल्या होत्या."

"बाटल्या फुटल्या इथं, भिंतीपाशी. तुम्ही धुतलं ते सतरा पावलं वर. औषध चढावर उलटं वाहत गेलं का, प्रवीणभाऊ?"

प्रवीण एक पाऊल मागं सरकला.

"तरी एवढ्यावर मी तुमचं नाव घेतलं नसतं. नाव तुम्हीच सांगितलंत." सुषमा गाडीपाशी गेली. "हेमराजभाऊ, तिसऱ्यांदा. पण आता हे बटण तीन सेकंद दाबून धरा. यानं ती यंत्रणा बंद होते."

दिवा लुकलुकला नाही. तो लागला तो लागूनच राहिला. गाडी पट्ट्यावर गेली आणि इंजिन कर्कश ओरडलं. पुढची चाकं गरगर फिरली, दुधाळ पाणी उडालं, रबराचा धूर निघाला. शेडमधले कामगार दारात आले. हेमराजनी पाय काढला आणि गाडी घसरत गठ्ठ्यांत आली.

"ऐकलंत?" सुषमा म्हणाली. "इंजिन बोंबलणं, चाकं गरगर फिरणं, धूर. पोलिसांना दिलेला तुमचा जबाब शब्दाला शब्द हाच आहे. पण सोमवारी यातलं काहीच झालं नव्हतं. गजेंद्रभाऊंनी शांतता ऐकली, हेमराजभाऊंनी ऐकली, कागदावर तेराशे आहेत, दीप्तीला दिवा लुकलुकताना दिसला. तुम्ही शटरपाशी उभे राहून काही बघितलंच नाही. तुम्ही डोळ्यांसमोर आणलंत. निसरड्या चढावर गाडी घातली तर काय होईल याचं चित्र. जुन्या टेम्पोचं होतं तसं. नव्या गाडीचं वेगळं होतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं."

"पण हे चुकीचं का असेना," फौजदार म्हणाले, "तो एक अंदाज असू शकतो."

"असता, साहेब. पण बाकी सगळे म्हणत होते इंजिन बिघडलं, नाहीतर ड्रायव्हर चुकला. चाकं घसरली असं हेमराजभाऊसुद्धा म्हणाले नाहीत, कारण त्यांनाच ते कळलं नाही. चढ निसरडा होता हे एकाच माणसाला माहीत होतं. ज्यानं हेमराजभाऊंना मागच्या गेटनं पाठवलं, ज्याच्या कुलपात सिलिकॉन असतं, आणि ज्याच्या ताब्यातले ड्रम नाहीसे झाले."

प्रवीणनं कमरेच्या किल्ल्या काढून हातात धरल्या.

"नेहमीचा साबण मिळत नव्हता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "एकानं दुसरा माल आणून दिला. म्हणाला, तेच आहे, फक्त स्वस्त. मी जुनी लेबलं चिकटवली. मंगलाबाईंचं झालं तेव्हा कळलं. बाटल्या फुटल्या तर पुरावा जाईल एवढंच डोक्यात होतं, म्हणून चढावर सिलिकॉन ओतलं. कुणाला लागावं असं नव्हतं मनात."

"आणि त्या बाईचे हात?" दीप्ती पुढं आली. तिचा आवाज फाटला होता. "पंधरा दिवस डॉक्टर विचारतायत, काय होतं त्यात? तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलास!"

"मलाही नक्की माहीत नाही काय आहे ते. खरंच नाही. ड्रम ओतायला खाडीवर नेले होते, पण धीर झाला नाही. जुन्या बॉयलरच्या खोलीत आहेत. ताडपत्रीखाली."

नलिनभाई पहिल्यांदाच जोरात बोलले. "विठ्ठल, कुलूप तोड!"

लोटूमामा सुषमाच्या कानाशी आले. "मी मालकाचं नाव घेतलं होतं. ते कुणाला सांगू नकोस."

*

त्याच दुपारी दीप्तीनं डाव्या हातानं नव्या बाटल्या भरल्या. फौजदारांनी त्यांच्यावर मोहोर लावली आणि त्या पोलिसांच्या गाडीतून लॅबला गेल्या. अहवाल मंगळवारी आला. ड्रममध्ये तीव्र अल्कली होतं आणि त्यात रंग उडवणारं आणखी एक रसायन. कागद वाचून डॉक्टरांनी मंगलाबाईंची सगळी औषधं बदलली. उजव्या हाताची बोटं वाचतील असं त्यांनी पहिल्यांदाच ठामपणे सांगितलं.

हेमराजना लायसन्स परत मिळालं. नलिनभाईंनी नोकरीवर बोलावलं तेव्हा ते म्हणाले, आधी गाडीचं ते पुस्तक द्या. दोन वर्षं ते डिकीत पडून होतं, कुणी उघडलंच नव्हतं. हर्षदानं त्यांना ते रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. नागमोडी रेघांच्या चित्रापाशी त्यांनी तिला थांबवलं आणि सुषमाला फोन लावला.

"ताई, पुन्हा कधी असं झालं, गाडीनं ऐकणं सोडलं, तर करायचं काय?"

"पाय थोडा उचलायचा," सुषमा म्हणाली. "दाबून उपयोग नाही. पकड मिळाली की ती आपोआप ऐकते."

हेमराजनी पुस्तकातल्या त्या चित्रावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "सव्वीस वर्षं चालवली. हे कुणी सांगितलंच नाही."

फोन ठेवून ते उठले आणि पंधरवड्यानंतर पहिल्यांदा शेजारचं दार वाजवलं. मंगलाबाई कॉटवर बसल्या होत्या, दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळून मांडीवर ठेवलेले. त्यांनी वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"हेमराजभाऊ, माले माफ कर," त्या म्हणाल्या. "लोकांचं ऐकलं मी."

हेमराजनी कोपऱ्यातली ताटली ओढली. मंगलाबाईंच्या सुनेनं वाढून ठेवलेली भाकरी तशीच होती. भरवणारं कुणी घरात नव्हतं. त्यांनी हात धुतले, घास मोडला, डाळीत बुडवला आणि त्यांच्या तोंडापाशी नेला.

"आधी जेव," ते म्हणाले.